दाढेचा भाव, क्रेटच्या हिशेबाने

निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत हे गाव भाव या विषयाचे विद्यापीठ मानावयास हरकत नाही. मुंबई-आग्रा महामार्गाला खेटून असलेल्या येथील कृषी उत्पन्न बाजार समितीत टोमॅटो आणि कांद्याचा भाव उघड्यावर, ओरडून आणि शेकडो साक्षीदारांसमक्ष ठरतो. गावाजवळच्या टोलनाक्यावर मोटारीचे, टेम्पोचे आणि अवजड वाहनांचे दर वाहनचालकाला थांबण्यापूर्वीच वाचता येतात. केशकर्तनालयात दाढी आणि कटिंगचे आकडे आरशाशेजारी टांगलेले असतात. आणि बोअरवेल खोदणारा, तळाशी पाणी आहे की नाही हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसले तरी, फुटाचा दर गाडी शेतात घालण्यापूर्वी सांगून मोकळा होतो. अशा या पारदर्शक परिसरात एकच दर असा आहे, की जो कोणत्याही फलकावर सहसा आढळत नाही, ज्याची बोली होत नाही आणि जो विचारला असता ‘आधी बघावं लागेल’ एवढेच उत्तर मिळते. तो दर म्हणजे किडलेल्या दाढेत दाताच्या रंगाची चांदी भरण्याचा.

‘दाताच्या रंगाची चांदी’ हा शब्दप्रयोग वदतोव्याघाताचा, म्हणजे स्वतःलाच खोडून काढणाऱ्या बोलण्याचा, उत्तम नमुना आहे, कारण या पदार्थात चांदीचा कणही नसतो. पूर्वी जी खरोखर ‘चांदी’ भरली जाई तिला दंतवैद्यकात अमाल्गम म्हणतात. चांदी, कथील आणि तांबे यांच्या भुकटीत पारा मिसळून ती तयार होते, आणि तिचा जवळजवळ निम्मा भाग पाराच असतो. म्हणजे चांदीच्या नावाखाली पारा विकण्याची परंपरा जुनी आहे आणि ती सराफांनी सुरू केलेली नाही. 1833 साली क्रॉकूर नावाचे दोघे भाऊ हेच मिश्रण ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ अशा राजेशाही नावाने न्यूयॉर्कमध्ये घेऊन आले, आणि स्वस्तात दात भरून मिळतात म्हटल्यावर सोन्याचा वर्ख ठोकून भरणाऱ्या तिकडच्या प्रतिष्ठित दंतवैद्यांचे पित्त असे खवळले, की 1840 साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने सभासदांकडून हे मिश्रण न वापरण्याची लेखी हमी मागितली. त्या भांडणात 1856 साली संघटनाच विसर्जित झाली आणि अमाल्गम मात्र पुढे दीडशे वर्षे लोकांच्या दाढांत सुखाने राहिले. त्याला हलवले ते मिनामाता कराराने. जपानमधील ज्या शहरात पाऱ्याच्या विषबाधेने हाहाकार माजला त्या शहराचे नाव धारण करणारा हा आंतरराष्ट्रीय करार 2013 साली झाला, भारताने त्याला 2018 साली मान्यता दिली, आणि अमाल्गमचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करणे ही त्यातील एक अट आहे. निफाड तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या उजव्या जबड्यातील शेवटून दुसऱ्या दाढेत काय भरावे, याचा विचार अशा रीतीने जिनिव्हापर्यंत झालेला आहे. त्याचे किती घ्यावेत, हा विचार तेवढा स्थानिक पातळीवर सोडलेला आहे.

चांदीची जागा घेणारा जो पांढरा पदार्थ, तो कॉम्पोझिट. राळेसारखे चिकट रसायन आणि त्यात मिसळलेली काचेची व सिलिकाची अतिसूक्ष्म पूड असे त्याचे स्वरूप असते. राफेल बोवेन या अमेरिकन संशोधकाला त्यातील मुख्य राळेचे पेटंट 1962 साली मिळाले. त्याआधी 1955 साली मायकेल ब्युओनोकोर याने दाताचा पृष्ठभाग फॉस्फरिक आम्लाने किंचित खरवडला तर प्लॅस्टिकजन्य पदार्थ त्याला घट्ट चिकटतो, असे दाखवून दिले होते. या दोन शोधांचा मिलाफ झाला नसता तर पांढरी चांदी पहिल्याच भाकरीबरोबर पोटात गेली असती. कॉम्पोझिटखेरीज ‘सिमेंट’ म्हणून ओळखला जाणारा आणखी एक फिकट पदार्थ असतो. ग्लास आयोनोमर हे त्याचे नाव; तो लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी शोधला आणि 1972 च्या सुमारास जगापुढे आला. तो स्वस्त असतो, फ्लोराईड सोडतो, पण लवकर झिजतो. दाताच्या रंगाचे काय भरले, या प्रश्नाला दोन उत्तरे असू शकतात आणि दोहोंत दुप्पट-तिप्पट दराचे अंतर असते, हे बहुतेक रुग्णांना तोंड धुऊन झाल्यावर कळते.

दराची मीमांसा करण्यापूर्वी ‘कीड’ या शब्दाचा निकाल लावणे आवश्यक आहे, कारण द्राक्षबागायतदारांच्या मुलखात हा शब्द फार दिशाभूल करतो. ज्याने आयुष्यभर थ्रिप्स, मिलीबग आणि तुडतुडे यांच्याशी युद्ध केले, त्याला दाढेतील कीड म्हणजे फवारणीने मरणारा जीव वाटणे स्वाभाविक आहे, आणि लवंगेचे तेल, तुरटी व मिश्री ही त्याची मौखिक फवारणी होय. वस्तुतः दाढेत अळी नसते. तोंडातील जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाने तोंडातील सामू, म्हणजे द्रवाची आम्लता मोजणारा आकडा, सुमारे साडेपाचाच्या खाली गेला की दाताचे खनिज विरघळू लागते. फवारणीच्या टाकीतील पाण्याचा सामू पट्टी बुडवून तपासणारा आणि साडेआठ दिसला की झोप उडवून घेणारा बागायतदार स्वतःच्या तोंडातील सामूबाबत पूर्णतः निश्चिंत असतो. आणि बेदाणा हा चिकट असून दाढेच्या खाचेत तासन्‌तास बसतो, हे तर त्याने पिकवलेल्या मालाचेच वैशिष्ट्य आहे.

आता खोदकामाविषयी. दातावरचे सर्वांत कठीण आवरण म्हणजे इनॅमल. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटर असते. त्याखाली डेंटिन नावाचा तुलनेने मऊ थर, आणि त्याखाली ज्याला सर्वजण ‘नस’ म्हणतात तो जिवंत गाभा. माती, मुरूम, खडक असे थर ज्याला पाठ आहेत त्याला ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की बोअरवेलमध्ये खाली ओल लागली की पेढे वाटतात, आणि दाढेत ओल लागली की खर्च पाचपट होतो. दंतवैद्याची आकारणी खोलीवर आणि बाजूंवर चालते. प्रत्येक दाढेला पाच बाजू मानलेल्या आहेत: चावण्याची एक, गालाकडची एक, जिभेकडची एक आणि शेजारच्या दातांना भिडणाऱ्या दोन. कीड फक्त चावण्याच्या बाजूवर असेल तर काम सोपे. ती शेजारच्या दाताच्या हद्दीत शिरली असेल तर मध्ये धातूची पातळ पट्टी आणि पाचर घालून भिंत नव्याने उभारावी लागते, आणि दर वाढतो. ज्या समाजात शेजारच्या गटाच्या बांधावरून तीन पिढ्या दिवाणी न्यायालयात काढल्या जातात, त्या समाजाने हद्दीच्या कामाला जास्त पैसे पडतात यावर आश्चर्य व्यक्त करावे, हेच आश्चर्य होय. अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक या दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकातच पोकळ्यांचे जागेनुसार वर्ग पाडून ठेवले आहेत. त्यामुळे ‘बघावं लागेल’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरे असते. पण बघून झाल्यावरही आकडा सांगण्याऐवजी ‘करून टाकू’ असे जे म्हटले जाते, त्याला ब्लॅकच्या वर्गीकरणात आधार सापडत नाही.

सामग्रीकडे वळले असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. पांढऱ्या चांदीसाठी जी रसायने लागतात त्यांतील निम्मी पिंपळगावच्या कोणत्याही बागायतदाराच्या शेडमध्ये कॅनने आणि गोणीने पडलेली असतात. दात खरवडण्यासाठी जे आम्ल लावले जाते ते सुमारे सदतीस टक्के तीव्रतेचे फॉस्फरिक आम्ल. ठिबकच्या नळ्यांत साचलेला क्षार काढण्यासाठी हेच आम्ल सोडले जाते. पोकळी खोल असल्यास नसेच्या संरक्षणासाठी तळाशी ज्या पदार्थाचा थर देतात तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे शुद्ध केलेला चुना. हा चुना मोरचुदाबरोबर मिसळला तर त्याचे बोर्डो मिश्रण होऊन द्राक्षवेलीवरील केवडा रोखतो, तंबाखूबरोबर तळहातावर मळला तर गालफडात जातो, आणि दंतवैद्याच्या हातून ठिपक्याएवढा दाढेच्या तळाशी गेला तर बिलात जातो. अर्थशास्त्रात यास मूल्यवर्धन म्हणतात. टोमॅटोचे केचप आणि द्राक्षांची वाईन करण्याच्या योजनांत मूल्यवर्धनावर व्याख्याने झोडणाऱ्यांनी चुन्याचे हे उदाहरण अद्याप वापरलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

येथे ‘मग एवढे पैसे कशाचे?’ हा प्रश्न विचारला जातो, आणि तो अयोग्य नाही. कॉम्पोझिटची एक सिरिंज साधारण चार ग्रॅमची असते आणि एका दाढेला त्यातील अल्पसा अंश लागतो. तेव्हा केवळ मालाची किंमत धरली तर बिलातील सर्वांत लहान आकडा तिचाच निघेल. मोठा आकडा वेळेचा आहे. अमाल्गम ओल्या दाढेतही, थोड्या लाळेला न जुमानता, दाबून बसवता येई. कॉम्पोझिटला लाळेचा स्पर्शही चालत नाही. दाढ कोरडी ठेवायची, आम्ल पंधरा-वीस सेकंद लावून धुवायचे, बाँडिंगचा, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रवाचा, पातळ हात द्यायचा, मग पदार्थ एकदम न कोंबता दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचा आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश टाकून तो घट्ट करायचा. हा प्रकाश साधारण 470 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा असतो. पदार्थातील कॅम्फरक्विनोन नावाचे द्रव्य तो शोषते आणि राळ काही सेकंदांत दगडासारखी होते. घट्ट होताना ती दोन-तीन टक्के आकुंचन पावते, आणि थर घाईने भरले तर कडेला फट राहून तेथून कीड पुन्हा आत शिरते. थोडक्यात, ग्राहक ज्याला ‘दहा मिनिटांचं काम’ म्हणतो ते दहा मिनिटांत केले तर दोन वर्षांनी पुन्हा करावे लागते. त्याशिवाय खुर्ची, काँप्रेसर, निर्जंतुकीकरणाचे यंत्र, वीज गेली तर इन्व्हर्टर, मदतनीस मुलीचा पगार, गाळ्याचे भाडे, आणि पाच वर्षांच्या पदवीसाठी खाजगी महाविद्यालयात भरलेली फी हे सारे त्या निळ्या दिव्याच्या उजेडात अदृश्य रूपाने उभे असते. शेतकऱ्याला हे कळू नये असे काही नाही. खते, औषधे, मजुरी आणि बँकेचे व्याज धरल्याशिवाय द्राक्षाचा उत्पादनखर्च निघत नाही, हे तो प्रत्येक सभेत सांगतो. दंतवैद्याच्या बाबतीत मात्र तो फक्त सिरिंजचा भाव धरतो, जसा मुंबईचा ग्राहक शेतकऱ्याच्या बाबतीत फक्त बियाण्याचा धरतो.

रंगाचा प्रश्न स्वतंत्र चर्चेस पात्र आहे. दाताचा रंग पांढरा असतो हा लोकभ्रम दूर करण्यासाठी दंतवैद्याकडे छटांची पट्टी असते. तिच्या प्रसिद्ध नमुन्यात सोळा छटा असून ए, बी, सी, डी अशा गटांत त्यांची तांबूस तपकिरी, तांबूस पिवळी, करडी आणि तांबूस करडी अशी विभागणी केलेली आहे. तीन पिढ्यांच्या मिश्रीने सिद्ध झालेल्या छटेचा या सोळांत समावेश नाही, ही त्या पट्टीची मर्यादा समजावी. निर्यातीच्या द्राक्षाला मण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, गोडी ब्रिक्समध्ये आणि रंग डोळ्यांत तेल घालून पाहणारा, हिरवट मणी युरोपला आणि पिवळसर मणी दुसरीकडे अशी प्रतवारी करणारा माणूस, रूपाला पैसे पडतात हे तत्त्व कोणाहीपेक्षा अधिक जाणतो. तरीही दाढेच्या बाबतीत ‘मागची आहे, कोण बघतंय’ हा युक्तिवाद त्याला अखेरचा वाटतो. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचा अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, तेव्हापासून मण्याच्या सालीवर काय उरते याची चौकशी या तालुक्यात लहान मुलेही करतात. आपल्या दाढेत कायमचे काय भरले गेले, त्याच्या डबीवर कोणते नाव होते, हे विचारणारा रुग्ण मात्र शोधावा लागेल. रूपाचा मुद्दा एकाच प्रसंगी निर्विवाद ठरतो, आणि तो म्हणजे मुलाच्या स्थळाचा फोटो काढण्याची वेळ. त्या महिन्यात समोरचे चार दात भावाची चौकशी न करता भरले जातात.

आता मूळ आकडा. तालुक्याच्या बाजारपेठेच्या गावात साध्या सिमेंटचे पाच-सातशे आणि कॉम्पोझिटचे हजार ते दोन हजार रुपये असा सर्वसाधारण व्यवहार दिसतो; शहरात तो वर सरकतो. सोयीसाठी एका दाढेचे 1500 रुपये धरू. रुपया हे माप पिंपळगावात पुरेसे विश्वसनीय नसल्याने ही रक्कम टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटमध्ये रूपांतरित करणे शास्त्रशुद्ध ठरेल. 2023 च्या ऑगस्टच्या सुमारास पिंपळगावच्या बाजारात क्रेटचा सरासरी भाव 2000 रुपयांच्या घरात होता. त्या काळात एक दाढ पाऊण क्रेटमध्ये, म्हणजे पंधरा किलो टोमॅटोत, भरून होत होती. सहा आठवड्यांनी हाच सरासरी भाव 90 रुपयांवर आला, आणि त्याच दाढेला जवळजवळ सतरा क्रेट, म्हणजे सुमारे 333 किलो टोमॅटो लागू लागले. या दीड महिन्यात दाढ तीच होती, पोकळी फार तर सुतभर वाढली असेल, आणि दंतवैद्याने दरात एका रुपयाचाही बदल केला नव्हता. तेव्हा पांढरी चांदी महाग झाली की टोमॅटो स्वस्त झाला, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या हातातील पट्टी पाहून द्यावे.

‘पट्टी’ या शब्दाचाही खुलासा करणे इष्ट. विकलेल्या मालाचे वजन, भाव आणि त्यातून कापलेल्या रकमा दाखवणारी जी चिठ्ठी व्यापारी शेतकऱ्याला देतो ती पट्टी. तीवरील हमाली-तोलाईसारख्या ओळींसाठी येथे रक्त आटवले जाते. 2024 च्या एप्रिलमध्ये याच कपातीच्या वादावरून नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद राहिले. क्विंटलमागे कापल्या जाणाऱ्या किरकोळ रकमेसाठी बाजार बंद पाडणारा समाज दवाखान्यातून बाहेर पडताना एक्स-रे, भूल, चुन्याचा थर, भरण आणि पॉलिश अशी फोड असलेली पट्टी मागत नाही, आणि मिळाली नाही तर रास्ता रोकोही करत नाही. कारण शारीरिक आहे: अर्धा जबडा बधिर असलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही. लिलावात बोली लावण्यासाठी तोंड लागते. दंतवैद्याच्या खुर्चीत ते पूर्ण उघडे असूनही निरुपयोगी असते.

विम्याकडून फारशी अपेक्षा नसावी. आरोग्यविम्याच्या बहुतेक साध्या पॉलिसी अपघात सोडून इतर दंतोपचार वगळतात, आणि शासकीय विमायोजनांची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. दाढ भरून घेण्यासाठी कोणी खाट अडवत नाही. राज्यातील सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क झाले आहेत, परंतु निःशुल्क खिडकीत दात काढून मिळण्याची शक्यता भरून मिळण्यापेक्षा नेहमीच थोडी अधिक असते. नाशिकच्या पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, तेथे शिकाऊ विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात दात भरतात, आणि साऱ्या राज्यातील दंतवैद्यकाच्या परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठही 1998 पासून नाशिकलाच आहे. पण एसटीने तेथे जाऊन यायचे, रांगेत बसायचे, दिवस मोडायचा आणि मजूर बागेत असताना मालकाने दाढेसाठी गैरहजर राहायचे, हे छाटणीच्या मोसमात कोणाला परवडणार? उरतात ती मोफत तपासणी शिबिरे. वाढदिवसाच्या फलकावर नेत्याचे बत्तीस दात शुभ्र झळकत असतात, खाली दोनशे जणांच्या दातांची तपासणी होते आणि दोनशे जणांना ‘दाढ भरून घ्या’ अशी चिठ्ठी मिळते. तपासणी मोफत असते ती तिथपर्यंतच.

म्हणून निर्णय हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलला जातो. ऑक्टोबरच्या छाटणीच्या वेळी थंड पाणी झोंबते, तेव्हा माल निघाल्यावर पाहू असे ठरते. डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षघड संजीवकात बुडवण्याच्या, दिवसांत गरम चहा झोंबतो, तेव्हा एका बाजूने चहा पिण्याची कला साध्य केली जाते. फेब्रुवारीत बाग तोडली जाते, व्यापाऱ्याचा धनादेश येतो किंवा येत नाही, आणि मार्चमध्ये रात्री दोन वाजता नस जागी होते. नस जागी झाली म्हणजे रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या मुळांतील नळ्या साफ करून बुजवणे. त्याचे चार-पाच हजार आणि वर कॅपचे वेगळे. द्राक्षावर केवड्याचा एक ठिपका दिसला तर रात्री अकरा वाजता ट्रॅक्टर बाहेर काढणारा माणूस दाढेवरच्या काळ्या ठिपक्याला सहा महिने मुदत देतो, आणि मग वाढलेल्या खर्चाबद्दल त्या ठिपक्याला नव्हे तर दंतवैद्याला जबाबदार धरतो.

एवढे सारे होऊन जेव्हा पांढरी चांदी एकदाची भरली जाते, चाव्याची खूण पाहण्यासाठी निळा कागद दातांमध्ये धरून उंचवटे घासले जातात आणि पॉलिश होते, तेव्हा दंतवैद्य सांगतो की पदार्थ प्रकाशाने जागीच घट्ट झाला आहे, बधिरपणा उतरला की लगेच खाता येईल. जुन्या चांदीला चोवीस तास जपावे लागे, हिला तशी गरज नाही. हे वाक्य कोणी ऐकून घेतल्याचे आढळत नाही. रुग्ण तोंडाला रुमाल लावून घरी येतो, ‘किती घेतले?’ या प्रश्नाला दोनशे रुपये कमी करून उत्तर देतो, आणि पुढचे कितीतरी दिवस भाकरी दुसऱ्या बाजूने चावत राहतो. चांगली भरलेली दाढ काळजी घेतल्यास सात-दहा वर्षे सहज टिकते असे सांगितले जाते. नव्या ट्रॅक्टरच्या सीटवरचे प्लॅस्टिक ज्या निष्ठेने पावसाळ्यापर्यंत फाडले जात नाही त्याच निष्ठेने ती वापरलीच नाही, तर त्याहूनही जास्त.